पावसाळी गणवेश आणि सकाळची शाळा: कोकणात नेमकं काय जमवता येईल?

कातळसडा
जून तोंडावर आलाय. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या बैठकांत दर वर्षीचे दोन विषय याही वर्षी येतील: पावसात गणवेशाची सक्ती किती करायची आणि सकाळची शाळा किती वाजता भरवायची. दोन्हींवर बैठकीत खूप बोललं जातं, कागदावर मात्र काही येत नाही. म्हणून ज्यांचा या गोष्टींशी रोजचा संबंध आहे त्यांनी इथे तपशील द्यावेत, ही विनंती. कापड, शिलाई, एसटी, मुलांची तब्येत, कायदा, जे माहीत असेल ते.

सुरुवातीला उजेडाचं सांगतो. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश रेखावृत्तावर लावलेलं आहे. रत्नागिरी ७३.३ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर आपला सूर्य घड्याळाच्या ३७ मिनिटं मागे आहे. जूनमध्ये तो सहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा हे जाणवत नाही. जानेवारीच्या मध्यात रत्नागिरीत उगवायला ७:१० होतात. शाळेची घंटा ७:१० ची असेल तर सडा (कातळाचं उघडं पठार) ओलांडून, पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून येणारं मूल घरातून अंधारातच निघणार. थोडक्यात, पावसाळ्यात प्रश्न कपड्यांचा आणि हिवाळ्यात वेळेचा. वर्षभरासाठी एकच नियम केला की तो दोन्ही ऋतूंत अडतो.

पहिली_गाडी
एसटीच्या बाजूने लिहितो. कोकणातल्या बऱ्याच गावांत पहिली गाडी ही वस्तीची असते. रात्री गावात मुक्काम, पहाटे तालुक्याला. तिची वेळ फक्त शाळेसाठी ठरलेली नसते. तीच गाडी पुढे रेल्वे स्टेशनची किंवा जिल्ह्याच्या गाडीची जोड पकडते. म्हणून "शाळा अर्धा तास उशिरा भरवू" असं समितीने ठरवलं तरी गाडी आपोआप अर्धा तास उशिरा येत नाही. मुलं पूर्वीच्याच वेळेला उतरतात आणि बंद फाटकाबाहेर पावसात उभी राहतात. वेळ बदलून त्यांचा काहीच फायदा होत नाही.

उपाय दोन. एक म्हणजे शाळेने वेळ बदलली तरी एक खोली आणि पडवी पहिल्या गाडीच्या वेळेला उघडी ठेवायची आणि त्यासाठी एका माणसाची जबाबदारी लेखी लावायची. दुसरा म्हणजे आगाराकडे फेरीची वेळ बदलून मागायची. त्या अर्जात "विद्यार्थ्यांची गैरसोय होते" एवढंच लिहून उपयोग नसतो. कोणत्या थांब्यावरून किती पासधारक विद्यार्थी, शाळेची भरण्या-सुटण्याची नेमकी वेळ आणि त्या मार्गावर आधीची व नंतरची गाडी कोणती, हे तिन्ही हवं. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास आहे आणि बाकी विद्यार्थ्यांना सवलतीचा, त्यामुळे पासांची यादी शाळेतच असते. तीच जोडायची.

आणखी एक. बसच्या दारात लांब ओढणी आणि फुगलेली छत्री या दोन्ही धोक्याच्या. समुद्रकाठच्या वाऱ्यात छत्री उलटते आणि मूल ती सावरायला रस्त्यात थांबतं. दप्तरासकट झाकणारा, फिक्या रंगाचा रेनकोट बरा. दप्तराच्या मागच्या बाजूला दोन इंच रुंदीची रेडियमची पट्टी शिवून घ्या, चिकटवू नका. चिकटवलेली पहिल्या पंधरवड्यात सुटते.

सुरंगीचो_वळेसार
आमच्या हय पावसात कपडे तीन-तीन दिवस सुकनत नाय. दोन जोडातलो एक भिजलेलो, दुसरो दोरीयेर. मगे पोरान नेसूचा काय? ह्या पयला ठरवा.

सुई_दोरा
वरच्या प्रतिसादातली अडचण खरी आहे आणि तिचं मूळ कापडात आहे, म्हणून जरा सविस्तर.

गणवेशाचं कापड निवडताना बहुतेक समित्या रंग आणि भाव बघतात. कापड पाणी किती धरतं ते कुणी विचारत नाही. साधारण हवेत सुती धागा वजनाच्या साडेआठ टक्के ओलावा धरतो, व्हिस्कोस त्याहून जास्त, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पँटसाठी सर्रास मिळतं ते पॉलिस्टर-व्हिस्कोस. ते दिसायला छान, पडतंही छान, पण जुलैत ते लवकर सुकत नाही. कोकणासाठी शर्टाला ६७:३३ चं टेरीकॉट आणि पँटला पॉलिस्टरचं प्रमाण जास्त असलेलं कापड मागा. निव्वळ पॉलिस्टर मात्र नको. मे-ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याने काखेत आणि जांघेत घामोळं येतं.

आता शिलाई. सुकायला सगळ्यात उशीर लागतो तो कमरपट्टा, खिशांच्या पिशव्या आणि कॉलर या तीन जागांना, कारण तिथे कापडाचे तीन-चार थर आणि मध्ये कॅनव्हास (ताठपणासाठी घातलेलं जाड कापड) असतो. पावसाळी जोडात कॅनव्हास घालू नये. कमरपट्ट्याऐवजी मागे इलॅस्टिक, पुढे साधी पट्टी. खिसा एकच, तोही पातळ अस्तराचा. एवढ्या बदलाने पँट निम्म्या वेळात वापरण्याजोगी होते.

माप इयत्तेवरून घेऊ नका. छाती, उंची आणि कंबर मोजा. चौथीच्या एकाच वर्गात छाती २४ पासून ३० इंचांपर्यंत सापडते. कापड किती लागेल त्याचा अंदाज: २८ छातीच्या अर्ध्या बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) सव्वा ते दीड मीटर, आणि हाफ पँटला ५८ पन्ह्याचं अर्धा ते पाऊण मीटर. सुती मिश्रण असेल तर कापण्याआधी भिजवून सुकवून घ्यावं. चार टक्के आटलं तरी ३० इंची पँट सव्वा इंच आखूड होते आणि गणपतीपर्यंत घोट्याच्या वर जाते.

या वयात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतं आणि त्यातली जवळजवळ निम्मी वाढ पायांत होते. म्हणून पँटच्या खाली अडीच इंच दुमड ठेवली की आटणं धरूनही पुढच्या जूनला उसवून वाढवता येते. बाजूच्या शिवणींत पाऊण इंच दाब सोडा. टाका इंचाला दहा ते बारा. घाऊक शिलाईत तो सात-आठवर आणतात, आणि मग पँटच्या बैठकीची शिवण पहिल्या खो-खोला उसवते.

२०२४-२५ ला राज्याने एकच गणवेश ठेवून कापड मध्यवर्ती पुरवायचं ठरवलं होतं. उशीर आणि मापांच्या तक्रारींनंतर डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय फिरला आणि २०२५-२६ पासून खरेदी पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आली. हा अधिकार मोलाचा आहे. दोन जोडांचे ६०० रुपये म्हणजे एका जोडाला ३००. त्यात कापड आणि शिलाई दोन्ही चांगली बसवायची तर मे महिन्यातच मापं घेऊन शिंप्याला एकगठ्ठा काम द्यावं लागतं. जूनमध्ये गेलात तर कापड मिळेल ते आणि शिलाई होईल तेव्हा.

ओवळी
पांढऱ्या शर्टावरचे लाल मातीचे डाग कशाने जातात? ब्लीचने पिवळे पडतात असा अनुभव सगळ्यांचाच आहे.

नीळ_आणि_इस्त्री
@ओवळी, जांभ्याच्या मातीला रंग लोहाचा असतो. क्लोरीनच्या ब्लीचने लोहाचा डाग जात नाही, उलट पक्का होतो, आणि टेरीकॉटही पिवळं पडतं. क्रम असा ठेवा. चिखल ओला असताना चोळू नका, सुकू द्या. मग ब्रशने झाडा. नंतर डागाच्या उलट्या बाजूने थंड पाण्याची धार, म्हणजे माती आत न शिरता बाहेर पडते. मग साबण. एवढं करून जो नारिंगी छटेचा डाग राहतो तोच लोहाचा. त्यासाठी वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल (सायट्रिक अॅसिड), त्यात तेवढाच भाग अर्धा तास, मग भरपूर पाण्याने धुवा. फिकट होतो, जुना असेल तर पूर्ण जात नाही. खरा उपाय म्हणजे पावसाळ्यात पांढरा रंग ठेवूच नये. शर्ट विटकरी, गडद निळा किंवा राखाडी.

मार्चनंतर काजूच्या बोंडांचे डाग येतात, त्याचं गणित वेगळं. त्यातल्या टॅनिनला साबण लागला की डाग काळपट होतो. आधी नुसतं पाणी, मग लिंबाचा रस, साबण सगळ्यात शेवटी.

सुकवण्याबद्दल. हवेतच ९० टक्के ओलावा असताना कपड्यातलं पाणी उडायला जागा नसते. हलतं वारं असेल तरच ते उडतं. पिळल्यावर कपडा कोरड्या पंचात गुंडाळून दाबा, बरंच पाणी पंचात उतरतं. पँट उलटी करा, खिसे बाहेर ओढा, कंबर वरच्या बाजूला ठेवून टांगा. दोन कपड्यांत वीतभर अंतर. पंखा कपड्याच्या समोर नको, दोरीच्या टोकाला लावा, म्हणजे वारा सगळ्या रांगेतून जातो. चुलीवर टांगू नका. धुराचा वास बसतो आणि पॉलिस्टर चिमटतं. किंचित दमट असताना इस्त्री करा, पण लगेच घडी घालू नका. दहा मिनिटं टांगा, नाहीतर घडीत वाफ अडकून कुबट वास येतो.

तो कुबट वास सूक्ष्मजंतूंचा असतो, जास्त साबणाने जात नाही. अर्धी बादली गरम पाणी, त्यात मोठा चमचा धुण्याचा सोडा, अर्धा तास भिजवा. किंवा शेवटच्या पाच लिटर पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

ओपीडी_दुपारची
आधी पाय, मग झोप.

ओले मोजे आणि बंद कॅनव्हासचे बूट सहा तास पायात राहिले की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. बेचकं पांढरं पडतं, सोलतं, खाज आणि वास. शाळेत पोचल्यावर पाय पुसून कोरडे करणं हेच अर्धं औषध. झालंच तर क्लोट्रिमॅझोल १ टक्का मलम दिवसातून दोनदा, आणि बरं दिसायला लागल्यावरही आणखी दोन आठवडे. मेडिकलमधून मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं नकोत. खाज दोन दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. चिरलेल्या पायांनी शेतातल्या, वहाळातल्या (ओढ्यातल्या) पाण्यातून चालत येणाऱ्या मुलाला ताप, पोटऱ्यांत दुखणं आणि डोळे लाल होणं दिसलं तर वाट बघू नका. लेप्टोची (उंदरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) तपासणी आणि औषध त्याच दिवशी हवं.

म्हणून "पावसाळ्यात सँडल चालतील" हा नियम बहुतेक शाळांना योग्य. पण कातळावरून, गवतातून पायवाटेने येणाऱ्या मुलांचा विचार वेगळा करा. आपल्याकडे सड्यावर फुरसं (विषारी साप) भरपूर आणि ते रात्रीचं हिंडतं, पहाटेच्या अंधारात वाटेवर असतं. अशा मुलांना वाटेत गमबूट किंवा घोटा झाकणारे बूट, हातात विजेरी आणि काठी, आणि सँडल वर्गात ठेवलेली. चावलंच तर दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, चालवायचं नाही. पाय न हलवता ग्रामीण रुग्णालय गाठायचं. इथे कपड्याचा नियम आणि वेळेचा नियम एकच होतो: उजाडल्यावर निघालेल्या मुलाला सँडल पुरते, अंधारात निघालेल्याला नाही.

झोपेचे आकडे. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास, १३ ते १८ ला ८ ते १० तास. ७:१० च्या शाळेसाठी साडेपाचला उठणाऱ्या सहावीतल्या मुलाने साडेआठला झोपायला हवं. कोकणातल्या घरात त्या वेळी पानंसुद्धा वाढलेली नसतात.

आता एक मतभेदाचा मुद्दा. फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग ९ किंवा त्यानंतर भरवायला सांगितलं. लहानांसाठी ते चांगलंच. पण दोन सत्रांच्या शाळांनी जागा करायला काय केलं? पाचवी ते दहावी सकाळी लवकर ढकलली. आणि शरीराचं घड्याळ वयात येतानाच मागे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन किशोरवयात उशिरा स्रवतं, दहाला अंथरुणावर टाकलं तरी झोप अकराला येते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये साडेआठच्या आधी शाळा नको म्हटलं ते याच वयासाठी, आणि कॅलिफोर्नियाने २०२२ पासून कायद्याने हायस्कूल साडेआठच्या आधी भरवणं बंद केलं. आपण धाकट्याला वाचवताना थोरल्याची झोप काढून घेतली, हे मान्य करून पुढचा विचार व्हायला हवा.

खडू_फळा
डॉक्टरांचा मुद्दा रास्त आहे. इमारत एक आणि सत्रं दोन असतील तर कुणीतरी सकाळी येणारच. पण हा प्रश्न शहरातल्या आणि तालुक्याच्या गावांतल्या मोठ्या शाळांचा आहे. जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य शाळा साडेदहाच्या आसपास भरतात. तिथे लवकर शाळा म्हणजे शनिवार आणि मार्च-एप्रिल. एप्रिलमध्ये साडेसातला चांगलं उजाडलेलं असतं आणि अकरानंतर उकाडा असह्य होतो, त्यामुळे ती वेळ बदलू नये. खटकतो तो डिसेंबर ते फेब्रुवारीचा शनिवार. तो ८:३० ते १२:३० करा.

तास कमी पडतील ही भीती नको. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस व ८०० तास आणि सहावी ते आठवीला २२० दिवस व १००० तास आहेत. म्हणजे दिवसाला अनुक्रमे चार आणि साडेचार तासांच्या आसपास. शनिवारचे चार तास भरतातच आणि आठवड्याच्या बाकी दिवसांत शिल्लक राहते.

विसरायचं नाही असं एक: पोषण आहार. सकाळच्या सत्रात मुलं बहुधा चहा-बिस्किटावर येतात. घरी पेज शिजायच्या आत निघतात. पहिलीच्या मुलाला १०० ग्रॅम आणि सहावीच्या मुलाला १५० ग्रॅम तांदळाचा आहार मंजूर आहे. तो सुटायच्या वेळी वाढून काय उपयोग? साडेनऊच्या मधल्या सुट्टीत वाढा. त्यासाठी स्वयंपाकी-मदतनीस ताईंना आठच्या आत यावं लागतं, आणि बंदरावरच्या गावांत त्याच बायका सकाळी मासळीच्या लिलावाला असतात. त्यांना बैठकीला बोलावल्याशिवाय वेळ ठरवू नका.

गणवेशाचा ठराव असा लिहिता येतो: "१५ जून ते ३० सप्टेंबर या काळात विद्यार्थ्याने कोरडे, स्वच्छ कपडे घालून यावे. गणवेश ओला असल्यास शाळेचा खेळाचा टी-शर्ट, मागील वर्षाचा गणवेश किंवा कोणताही साधा पोशाख चालेल. या कारणावरून विद्यार्थ्यास वर्गाबाहेर उभे करू नये." शेवटचं वाक्य गाळू नका. कायद्याच्या कलम १७ ने मानसिक त्रासालाही बंदी आहे, पण ठरावात लिहिलेलं असलं की नवीन शिक्षकालाही ते कळतं.

शिस्तप्रिय
साध्या कपड्यांची मुभा दिली की कुणी झगमगीत घालून येणार, कुणी फाटकं. गणवेश आणला तो हा फरक झाकायला. एकदा सैल केलं की ऑक्टोबरमध्ये पुन्हा आवळता येत नाही.

सुई_दोरा
@शिस्तप्रिय, फरक दिसू नये ही काळजी बरोबर आहे. म्हणूनच "काहीही घाला" याच्यापेक्षा पावसाळी गणवेश वेगळा नेमणं जास्त चांगलं: एकाच रंगाचा पॉलिस्टर जाळीचा टी-शर्ट आणि खाली कोणतीही गडद पँट किंवा सलवार. असा टी-शर्ट पिळून पंख्याखाली टाकला की रात्रीत सुकतो, इस्त्री लागत नाही, आणि वर्ग एकसारखा दिसतो. साध्या कपड्यांची मुभा तोही भिजला तरच. मुलींच्या सलवारीची मोहरी (पायाकडचं तोंड) अरुंद आणि घोट्याच्या दोन इंच वर ठेवा. रुंद मोहरी गुडघ्यापर्यंत पाणी ओढते. ओढणीऐवजी जाकीट.

कातळसडा
टी-शर्टची कल्पना पटली. @खडू_फळा, पऱ्या-वहाळावरचे साकव (छोटे पूल) पाण्याखाली जातात त्या दिवसांचं काय? वेळ ठरावात कशी लिहायची?

खडू_फळा
घड्याळाची वेळ लिहू नका, खूण लिहा. साकवाच्या खांबावर रंगाची रेघ मारायची, फळीच्या दोन फूट खाली. पाणी रेघेला लागलं की पलीकडच्या वाडीतल्या पालकाने शाळेला फोन करायचा आणि त्या वाडीची मुलं मोठ्या माणसाबरोबर लगेच सोडायची. पाणी आधीच रेघेवर असेल तर ती मुलं त्या दिवशी येणार नाहीत आणि त्यांच्या हजेरीवरून त्यांना कुणी बोलणार नाही. खाडीकाठी असाल तर भरतीची वेळही फळ्यावर लिहा. भरतीत वहाळाचं पाणी तुंबतं आणि अर्ध्या तासात चढतं. कुणाला फोन करायचा ती दोन नावं जूनमध्येच ठरवा, एक वाडीतलं आणि एक शाळेतलं.

ओवळी
एसटीचा अर्ज द्यायचा कुणाला? आणि शाळा सुरू झाल्यावर दिला तर चालतो का?

पहिली_गाडी
अर्ज आगार व्यवस्थापकांच्या नावे, प्रत विभाग नियंत्रकांना. सिंधुदुर्ग विभागाचं कार्यालय कणकवलीला, रायगडचं पेणला, रत्नागिरीचं रत्नागिरीत. मुख्याध्यापकांची सही-शिक्का, समितीच्या ठरावाची प्रत, थांब्यानुसार पासधारकांची यादी. शाळा सुरू झाल्यावर दिलात तर गाड्या आणि चालक आधीच नेमून झालेले असतात, मग उत्तर यायला दिवाळी उजाडते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात द्या आणि पोच घ्या. नवीन फेरी मागण्यापेक्षा आहे ती फेरी पंधरा-वीस मिनिटं पुढे-मागे करून मागितली तर मिळण्याची शक्यता जास्त, कारण त्यात जादा गाडी लागत नाही. आणि शनिवारची वेळ वेगळी असेल तर ती ठळक लिहा. अर्जात तेवढंच राहून जातं आणि मुलं शनिवारी दुपारी थांब्यावर दोन-दोन तास बसून राहतात.